पिंजऱ्यातले जंत: औषधाची बाटली आणण्याआधी ट्रेकडे बघा



घरच्या घरी पक्षीपालन सुरू करायचं म्हटलं की वहीत पहिल्यांदा काय येतं? पिंजरे, जोड्या, मडकी, राळ्याचं पोतं. मग पिल्लं किती निघतील आणि कितीला जातील. विष्ठा मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. एक निरोगी बजरीगर दिवसाला साधारण ४० ते ५० वेळा विष्ठा टाकतो. दहा जोड्या म्हणजे वीस पक्षी, म्हणजे रोज ८०० ते १००० वेळा. तुम्ही त्या विष्ठेचं काय करता, यावर पहिल्या वर्षी धंदा टिकणार की बसणार हे बऱ्याच अंशी ठरतं. कारण पोटातले जंत याच वाटेने एका पक्ष्यातून दुसऱ्यात जातात.

व्हिडिओत हा विषय दोन मिनिटांत उरकला होता. इथे नीट बोलू. औषधाचं प्रमाण मात्र मी लिहिणार नाही. का, ते पुढे आकड्यानिशी सांगतो.

हे सगळं बजरीगर (ज्यांना आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात), कॉकाटेल, खरे लव्हबर्ड आणि फिंच यांच्याबद्दल आहे. आपला हिरवा देशी पोपट यात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. 'गावाकडे सगळेच पाळतात' हे उत्तर वनविभागासमोर चालत नाही. परदेशी पोपटांच्या काही जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि दुकान टाकायचं असेल तर २०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियम आहेत. ते वाचूनच पुढे जा.

जंत फिरतो कसा

पिंजऱ्यातल्या पोपटवर्गीय पक्ष्यांत सगळ्यात जास्त त्रास देतो तो गोलकृमी. शेवयासारखा, पांढरट, आतड्यात राहणारा. मादी अंडी घालते, ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमचं सगळं काम याच एका गोष्टीवर उभं आहे. बाहेर पडलेलं अंडं त्या दिवशी कुणाला लागण करू शकत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला वेळ लागतो. उष्ण, दमट हवेत साधारण दोन आठवडे, थंडीत जास्त. त्यानंतर ते अंडं दाण्याबरोबर, पाण्यातून किंवा घाण दांडीला चोच लावताना दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात गेलं की लागण. मग आतड्यात त्याचा पूर्ण वाढलेला जंत व्हायला आणखी पाच ते आठ आठवडे, कधी जास्तही.

म्हणजे आज पडलेल्या विष्ठेसाठी तुमच्या हातात काही दिवस आहेत. त्या दिवसांत ट्रे साफ झाला तर साखळी तिथेच तुटली. महिनाभर तसाच राहिला तर तुमचे पक्षी रोज थोडी थोडी अंडी खात राहणार.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तिथे थवे दाणा-पाणी शोधत फिरत राहतात. विष्ठा पडते, उन्हात वाळते, थवा पुढे निघून जातो. आपण त्याच पक्ष्याला दोन फुटांच्या पिंजऱ्यात ठेवतो, खाली दाण्यांची टरफलं, वर जुलैची हवा. तो पक्षी आपल्या विष्ठेपासून दूर जाऊच शकत नाही. त्याला दूर नेण्याचं काम आता तुमचं.

फीतकृमीचं गणित वेगळं आहे. त्याला मध्ये एक किडा लागतो. मुंगी, माशी, भुंगा असा कुणीतरी ती अंडी खातो आणि पक्षी त्या किड्याला खातो. म्हणून फक्त दाण्यावरच्या बजरीगरमध्ये तो कमी दिसतो, किडे खाणाऱ्या फिंचमध्ये जास्त. विष्ठेवर तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर त्याचा संशय घ्या आणि मुंग्या, माश्या, झुरळं यांच्यामागे लागा. तिसरा केसासारखा बारीक जंत असतो. तो विष्ठेत साध्या डोळ्यांना सहसा दिसतच नाही, त्यामुळे 'मला जंत दिसले नाहीत' याला फारसा अर्थ नाही.

पिंजऱ्याचा तळ

मातीचा किंवा वाळूचा तळ दिसायला छान, नैसर्गिक वगैरे वाटतो. धंद्यासाठी नको. ओल्या मातीत गोलकृमीची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि माती धुता येत नाही. तळाला जाळी, जाळीखाली काढता येणारा ट्रे, ट्रेवर वर्तमानपत्र. जाळीमुळे पक्ष्याला खाली पडलेला दाणा उचलता येत नाही. थोडा दाणा वाया जातो म्हणून कुरकुर करणारे भेटतात. तो वाया जाऊ द्या. कागद रोज बदलला तर उत्तम, निदान एक दिवसाआड तरी बदलाच.

दाण्याचं आणि पाण्याचं भांडं दांडीच्या खाली नको. पक्षी वर बसतो, खाली विष्ठा टाकतो, आणि तेच पाणी पितो. इतकी साधी गोष्ट आहे, पण विकत मिळणाऱ्या कितीतरी पिंजऱ्यांत भांड्याची जागा नेमकी चुकीची असते. पिंजरा घेताना आधी ते बघा, रंग नंतर.

आणि फिनाईल? साध्या जंतुनाशकांनी गोलकृमीची अंडी मरत नाहीत. अंड्याचं कवच जाड असतं. वर फिनाईलच्या वासाने पक्ष्यांच्या नाजूक श्वसनाला त्रास होतो तो वेगळाच. अंडी मरतात ती उष्णतेने आणि कोरडेपणाने. पक्षी दुसरीकडे हलवा, ट्रे आणि जाळी खरवडून धुवा, वरून उकळतं पाणी ओता आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. लाकडी दांड्या आणि घरट्याच्या पेट्या नीट धुतल्या जात नाहीत, म्हणून त्या बदलत्या ठेवा. मडकं तर स्वस्त आहे. जंत निघालेल्या जोडीचं मडकं पुढच्या जोडीला द्यायचंच नाही.

विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाण्याचा फवारा मारा आणि तोंडाला मास्क लावा. पक्ष्यांचे जंत सहसा माणसाला लागत नाहीत, पण पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार माणसाला होऊ शकतो. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात, हे घरगुती धंद्यात विसरून चालत नाही.

गच्चीवर पिंजरे असतील तर वरची बाजू पूर्ण झाका. नुसती जाळी असेल तर कबुतर, कावळा, चिमणी वर बसतात आणि विष्ठा थेट आत पडते. काही जंत एकाहून जास्त प्रकारच्या पक्ष्यांत राहू शकतात. त्याच कारणाने पिंजऱ्याखाली कोंबड्या सोडण्याची 'जागेचा पुरेपूर वापर' वाली कल्पनाही सोडून द्या.

नवा पक्षी आणि ४५ दिवस

आता सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडतात ते. नवशिक्या माणसाची गाडी नीट चाललेली असते. मग तो बाजारातून दोन छान रंगाच्या जोड्या आणतो आणि संध्याकाळीच मोठ्या पिंजऱ्यात सोडतो. बाजारातला पक्षी किती हातांतून, किती पिंजऱ्यांतून आला हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दोन महिन्यांनी जुने पक्षी बारीक व्हायला लागतात, आणि तोपर्यंत नव्या जोड्यांवर कुणाचा संशयही जात नाही.

नवा पक्षी ४५ दिवस वेगळा. वेगळा म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलेला नव्हे. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा ब्रश. रोज आधी जुन्या पक्ष्यांचं काम आटपायचं, नव्यांकडे शेवटी जायचं, आणि तिथून परत जुन्यांकडे यायचं नाही.

पंचेचाळीसच का? पक्ष्याच्या पोटात कोवळे जंत असतील तर ते अजून अंडी घालत नाहीत. आणल्या दिवशी विष्ठा तपासली तर अहवाल स्वच्छ येईल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. म्हणून एक तपासणी पहिल्या आठवड्यात आणि दुसरी चाळिसाव्या दिवसाच्या आसपास. तेव्हाही शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण अंधारात उडी मारण्यापेक्षा पुष्कळ बरं.

'सर, दीड महिना पक्षी बसवून खायला घालणं परवडत नाही.' हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. तर करू हिशेब. बजरीगरची एक जोडी दिवसाला साधारण १५ ग्रॅम दाणा खाते. ४५ दिवसांचे झाले ६७५ ग्रॅम. एक किलोसुद्धा नाही. तुमच्या गावात राळा-बाजरीच्या मिश्रणाचा जो भाव असेल त्याने गुणा आणि समोर तुमच्या एका तयार पिल्लाची विक्री किंमत लिहा. खरा खर्च जागेचा आणि वेळेचा आहे, तो मान्य. त्यावर उपाय असा की खरेदी विखरून करायची नाही. वर्षातून दोनदा, ठरवून, एकदम. वेगळ्या खोलीत विसाव्या दिवशी आणखी एक पक्षी टाकलात तर सगळ्यांचे दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात.

शक्य असेल तर पहिली खरेदी पावसाळा सोडून करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः कोकणात, ट्रे वाळतच नाही. नवखा माणूस, नवे पक्षी आणि ओला ट्रे हे तिन्ही एकत्र नकोत.

वजनकाटा

पक्षी आजार लपवतो. दाण्यावर बसलेला दिसतो, चोच हलताना दिसते, तुम्हाला वाटतं खातोय. पुष्कळदा नुसती टरफलं उडवत असतो. पिसांमुळे बारीक झालेलाही कळत नाही. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात फायद्याची वस्तू हीच. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, कॉकाटेल ८० ते १०० च्या आसपास. दर रविवारी सकाळी दाणा घालण्याआधी, छोट्या डब्यात घालून वजन करा. पायातल्या कडीच्या नंबरासमोर लिहा. ३६ ग्रॅमचा नर ३२ वर आला म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. दिसायला ठणठणीत असला तरी तो त्याच दिवशी वेगळा काढायचा.

वजन करताना बोटाने छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल तर पक्षी बराच खंगलेला आहे. पिसं फुगवून बसणं, पातळ विष्ठा, विष्ठेत अख्खा दाणा, पिल्लं वाढीला न लागणं हीसुद्धा जंतांची लक्षणं असू शकतात. जंत खूप झाले तर आतडं बंद होऊन पक्षी अचानकही मरतो.

'असू शकतात' म्हणालो ते मुद्दाम. हीच सगळी लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात. बजरीगर खात राहूनही वाळत जातो, असा पोटातल्या एका बुरशीचा आजार आहे. जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी बजरीगर आणि कॉकाटेलमध्ये नेहमी सापडतो, तो जंत नाही आणि त्याचं औषधही वेगळं. पक्षी बारीक झाला, घाला जंताचं औषध, असं केलं तर खरा आजार आठवडाभर मोकळा सुटतो. आठवडा हा या पक्ष्यांसाठी मोठा काळ आहे.

तपासणी

हे काम कठीण नाही. पिंजऱ्यात स्वच्छ कागद घाला आणि सलग तीन दिवसांची ताजी विष्ठा छोट्या डबीत गोळा करा. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून तीन दिवस. डबीवर पिंजऱ्याचा नंबर आणि तारीख टाका, डबी फ्रीजमध्ये थंड ठेवा, पण गोठवू नका. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर धंदा त्याच दिवशी बंद.)

पक्ष्यांचे डॉक्टर शहराबाहेर मिळणं अवघड आहे, हे खरं. पण विष्ठेची जंत तपासणी ही पशुवैद्यकातली अगदी मूळ तपासणी आहे. संपृक्त मिठाच्या पाण्यात विष्ठा ढवळली की अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेळीसाठी जी पद्धत, तीच पक्ष्यासाठी. तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय इथे जाऊन विचारा. मुंबईत परळला, नागपूरला आणि साताऱ्याजवळ शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धंदा सुरू करण्याआधीच एकदा जाऊन डॉक्टरांना भेटून या. पक्षी मरायला टेकल्यावर ओळख काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

औषध, आणि मी आकडा का देत नाही

मेडिकलमध्ये लहान मुलांसाठी जंताचं पातळ औषध मिळतं. १० मिलीच्या बाटलीत ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. १५ किलोच्या मुलाने पूर्ण बाटली घेतली तर किलोमागे साधारण २७ मिलिग्रॅम होतात. आता कुणीतरी सांगतो, 'बजरीला एकच थेंब द्या, काही होत नाही.' एका मिलीत साधारण २० थेंब धरले तर एका थेंबात २ मिलिग्रॅम आलं. पक्षी ३५ ग्रॅमचा. किलोमागे हिशेब केला तर ५७ मिलिग्रॅम. म्हणजे तो 'एकच थेंब' वजनाच्या मानाने मुलाच्या दुप्पट झाला! अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल या औषधांनी कबुतरांच्या हाडांतल्या मज्जेवर परिणाम होऊन पक्षी दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. फेनबेंडाझोल पिसं येण्याच्या काळात दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. लेव्हामिझोलमध्ये उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी आहे. म्हणून जात, वजन आणि जंताचा प्रकार कळल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस, मग तो कितीही सबस्क्रायबरवाला असो, त्याचं ऐकू नका.

पाण्यात औषध घालण्याची पद्धत सोपी म्हणून सगळ्यांना आवडते. पण बजरीगर कोरड्या मुलखातला, पाणी कमी पितो. औषध कडू लागलं तर आणखी कमी. एक पक्षी जास्त पितो, दुसरा चोचच लावत नाही. वीस पक्ष्यांच्या पिंजऱ्यात कुणाला किती गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर प्रत्येक पक्ष्याला, त्याच्या वजनाप्रमाणे, थेट चोचीत देणं जास्त भरवशाचं. पहिल्यांदा ते कसं द्यायचं हे त्यांच्याकडूनच शिकून घ्या, कारण औषध श्वासनलिकेत गेलं तर पक्षी हातातच जातो.

साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस सांगतात, कारण पहिल्या वेळी सगळे कोवळे जंत मरतीलच असं नसतं. आणि डोसनंतरच्या दोन-तीन दिवसांत ट्रे दिवसातून दोनदा साफ करा. बाहेर पडणाऱ्या मेलेल्या जंतांबरोबर अंडीही पडतात. बरेच जण औषध देतात आणि ट्रे तसाच ठेवतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी 'औषध नकली होतं' म्हणतात.

जंतांचा भार फार असेल तर एकदम सगळे मेल्यामुळेही आतड्यात अडकू शकतात. खंगलेल्या पक्ष्याला स्वतःच्या मनाने औषध न देण्याचं हे आणखी एक कारण.

लसूण, पपईच्या बिया, कडुनिंब? यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे गोलकृमी जातात असा भरवशाचा पुरावा नाही. कांदा-लसूण तर पक्ष्यांना अपायकारक ठरू शकतो. आणि दर महिन्याला 'सवय म्हणून' औषध देणं मला पटत नाही. ट्रे साफ करण्याचा कंटाळा त्या बाटलीमागे लपतो. वर्षातून दोन-तीनदा तपासणी, आणि जंत सापडले तरच औषध, हा माझा सल्ला.

आणि विक्रीचं काय?

इथे खरी परीक्षा आहे. समजा अहवालात जंत आले, आणि त्याच आठवड्यात आठ पिल्लांचं गिऱ्हाईक दारात आहे. पिल्लं दिसायला सुरेख आहेत. पैसे समोर आहेत. देणार?

देऊ नका. तुमच्याकडून पक्षी घेणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा आधीचे पक्षी असतात. तुमचं एक पिल्लू जाऊन त्याचा अख्खा पिंजरा बिघडवतं. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: जंत निघालेत, उपचार चालू आहेत, दुसऱ्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासणी होईल, ती स्वच्छ आली की देतो. आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत मागण्याचा त्याला हक्क आहे हेही सांगा. काही जण जातील. जे थांबतील ते पुढच्या वर्षी दुसऱ्या चार जणांना घेऊन येतील, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण हा धंदा एका शहरातल्या शे-दोनशे हौशी लोकांत चालतो आणि सगळे एकमेकांच्या ग्रुपवर असतात. कुणाकडचे पक्षी आणले की मरतात, हे तिथे आठवड्यात कळतं.

पक्षी मेलाच तर लगेच पुरून टाकू नका. पिशवीत घालून फ्रीजमध्ये थंड ठेवा, इथेही गोठवायचं नाही, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे शवविच्छेदनाला न्या. आतडं उघडलं की जंत असले तर सहसा डोळ्यांसमोर दिसतात. त्या एका मेलेल्या पक्ष्यामुळे उरलेल्या एकोणीस पक्ष्यांना काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही हे कळतं.

विक्रीच्या वेळी पक्ष्याबरोबर एक चिठ्ठी द्या: कडीचा नंबर, जन्मतारीख, शेवटचं वजन, शेवटच्या विष्ठा तपासणीची तारीख आणि निकाल, औषध दिलं असेल तर नाव आणि तारीख, सध्या कोणता दाणा खातो. खाली एक ओळ लिहा: 'घरी आधीचे पक्षी असतील तर याला ४५ दिवस वेगळं ठेवा.' स्वतःच्या पक्ष्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल, पण ती ओळ लिहाच. उद्या तुम्ही कुणाकडून जोडी घ्यायला जाल तेव्हा त्याच्याकडेही अशीच चिठ्ठी मागा, आणि 'आमच्याकडे असलं काही नसतं' असं उत्तर आलं तर पिशवी रिकामी घेऊन घरी या.